थोरल्या पातेल्याची येळवस

मी तापट आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे थोरल्या जाऊबाईंनी ते वाक्य बोलायला नको होतं. मी चाळीस माणसांची भज्जी शिजवली ती त्या एका वाक्यापायी.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, बहुधा डिसेंबर संपता संपता येते. त्या दिवशी लातूर शहरात चहासुद्धा मिळत नाही, कारण सगळं शहर शेतात जाऊन बसलेलं असतं. ज्वारीच्या कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची आणि मग शेंगांच्या दाण्यांची नि भाज्यांची एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले गोळे म्हणजे उंडे, आंबील यांवर ताव मारायचा. पण खरा मान जेवण्यात नाही, जेवू घालण्यात आहे. कुणाच्या कोपीवर किती माणसं आली, हे बायका संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत पुरवून पुरवून बोलतात.

लग्न झाल्यापासून दहा वर्षं मी थोरल्या दिरांच्या कोपीवर वाढपी होते. शेत एकत्र होतं, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. गेल्या उन्हाळ्यात वाटणी झाली. विहिरीजवळची काळी जमीन त्यांच्याकडे गेली आणि नांदेड रोडच्या कडेचा पाऊण एकर माळ आमच्याकडे आला. माळावर एक कडुलिंब आणि बाकी सगळे गोटे. आमचे बजरंगराव शाळेच्या पोरांची ऑटो चालवतात आणि स्वभावाने इतके गरीब की, रस्त्याला लागून आहे म्हणून त्यांनी त्यातही आनंद मानला. त्यांनी गोटे वेचले, हरभरा पेरला, आणि यंदा आपली स्वतःची कोप करू असं पोरांना सांगून टाकलं.

आमची शिवांगी दुसरीत आहे. वडिलांचं बोलणं तिने फार मनावर घेतलं. नाताळच्या सुट्टीआधी शाळेत कार्यक्रम होता, त्यात ती चांदणी झाली होती. डोक्याला सोनेरी कागदाची पट्टी बांधून ती गेली आणि जाताना दप्तरात बत्तीस चिठ्ठ्या घेऊन गेली. हे मला चार दिवसांनी कळलं, तिची चित्रकलेची वही अर्धी झालेली दिसली तेव्हा. प्रत्येक चिठ्ठीवर कोपीचं चित्र आणि खाली 'आमच्या शेताला या, भज्जी आहे'. सगळ्या वर्गाला वाटल्या होत्या. मी विचारलं, काय म्हणाले सगळे? सगळे हो म्हणाले, असं तिने छाती पुढे काढून सांगितलं.

आता येळवसच्या आमंत्रणाला नाही कुणीच म्हणत नाही. ज्याला त्याला आपलं किंवा मामाचं शेत असतं, आणि रस्त्यात भेटेल तो भेटेल त्याला या म्हणतो. हे मला कळत नव्हतं असं नाही. मी पोरीला समजावून सांगणारही होते. पण त्याआधी मी बऱ्याच वर्षांच्या सवयीने, पातेलं मागायला जाऊबाईंकडे गेले.

आमच्या घरातलं मोठं पितळी पातेलं वाटणीत त्यांच्याकडे राहिलं होतं. मला मधलं हवं होतं, दहा माणसांचं. जाऊबाई, आमच्या अंबिकाअक्का, ओट्याजवळ तीळ निवडत होत्या. मी सहज म्हणाले की शिवांगीने वर्गाला बोलावलंय, चार पोरं आली तरी भांडं कमी पडायला नको. त्या हसल्या. मग त्यांनी मधलं सोडून थोरलंच पातेलं माझ्यापुढे सरकवलं.

"हेच ने की. पण तुझ्या त्या माळावर कोण येऊन बसायलंय गं? उरलं तर पाठवून दे, गाईला घालू."

शिवांगी माझ्या शेजारी उभी होती. घरी येताना अर्ध्या रस्त्यात तिने विचारलं, "मम्मी, आपल्या शेताला कुणीच येणार न्हाई का?"

त्या क्षणी माझं डोकं गेलं. सगळे येतील, मी म्हणाले. एकूण एक येतील, आणि हे पातेलं आपण काठोकाठ भरू.

मग तीन दिवस आमच्या दोन खोल्यांमध्ये शेंगांशिवाय काही दिसलं नाही. तूर, वाटाणा, वाल, ओला हरभरा. शिवांगी सोलायची आणि चार वर्षांचा सत्यम सोललेलं खायचा. बजरंगरावांनी एकदा दबकत विचारलं की आपण चौघं आणि ही भज्जी पलटणीची, जरा जास्त होत नाही का? मी नुसतं बघितलं. ते उठून चिंच भिजवायला लागले.

येळवसच्या दिवशी सकाळी ऑटोत मागच्या सीटवर पातेलं बसलं आणि आम्ही त्याच्या कडेने बसलो. कडबा थोरल्या दिरांनीच दिला होता, ते माणूस चांगलं. बजरंगरावांनी कोप उभी केली, जराशी डावीकडे कलली होती, पण उभी होती. पूजा झाली, नैवेद्य झाला, बांधावर आंबील शिंपडून झाली. अकरा वाजले. शिवांगीने पिवळा फ्रॉक घातला होता आणि डोक्याला तीच सोनेरी पट्टी बांधली होती. ती रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

पलीकडे, दोन बांध सोडून, अक्कांच्या कोपीवर मंडप घातला होता. गाड्यांवर गाड्या येत होत्या. आमच्याकडे सत्यम एका गोट्यावर चढून बसला होता आणि दर पाच मिनिटांनी खणखणीत आवाजात सांगत होता की अजून कुणी आलं न्हाई. त्याचा आवाज दोन बांध ओलांडून जातो, याची मला पक्की खात्री होती.

बारा वाजले. साडेबारा वाजले. एकच गाडी थांबली. काच खाली झाली, आत शिवांगीची मैत्रीण बसलेली. तिच्या आईने गोड आवाजात सांगितलं की आमचं शेत अजून बरंच पुढे आहे, उशीर झालाय, पुढच्या वर्षी नक्की. शिवांगी गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिली. मग तिने हात खाली घेतला आणि तशीच रस्त्याकडे बघत उभी राहिली. चूक माझी होती. मी रागाच्या भरात पोरीला शब्द दिला होता आणि आता तो पाळायला माझ्याकडे पातेल्याशिवाय काही नव्हतं.

एक वाजून गेल्यावर बजरंगराव जवळ येऊन बसले. पोरं भुकेजलीत, आपण खाऊन घेऊ, बाकीची दादाच्या कोपीवर देऊ पाठवून, वाया जायला नको, असं ते हळूच म्हणाले. मी त्यांना सांगितलं की पातेल्याला हात लावाल तर बघा. पण आवाजात जोर नव्हता, हे त्यांनाही जाणवलं असणार.

तेवढ्यात रस्त्यावरून चार पोरी चालत येताना दिसल्या. अठरा-एकोणीसच्या असतील. तोंडाला स्कार्फ, पाठीला सॅक, उन्हाने लाल झालेल्या. त्या आमच्या माळापाशी आल्या आणि शिवांगी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ताई, तुम्ही आमच्या शेताला आलाव का?"

त्या गोंधळल्या. त्यांतल्या एकीने, तिचं नाव दामिनी असं नंतर कळलं, खाली बसून शिवांगीला विचारलं की इथून पुढे एखादा धाबा चालू आहे का. मी उठून गेले. पोरी नाक्यापलीकडच्या नव्या हॉस्टेलवर राहून डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करत होत्या. दुसऱ्या दिवशी टेस्ट होती म्हणून घरी गेल्या नव्हत्या. मेसच्या मावशींनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं की उद्या मी शेताला जाणार, बाहेर खा. पण अख्खं शहर बंद असेल, हे ह्यांना खरं वाटलं नाही. दामिनी धर्माबादची, तिने येळवस हा शब्दच इथे आल्यावर ऐकला होता. सकाळपासून चौघींनी मिळून बिस्किटांचा एक पुडा खाल्ला होता, आणि ज्या धाब्याच्या आशेवर चालत आल्या त्याला कुलूप होतं.

"आमच्याकडं हाय की जेवण," शिवांगी म्हणाली. "लई हाय. कुणी आलंच न्हाई."

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकीने मला हळूच विचारलं, "काकू, एका ताटाचे किती घेता?"

माझा राग त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आला. मी म्हणाले, "हे काय हॉटेल हाय का? चपला काढा आणि बसा."

बसल्या. भज्जी, उंडा, वर आंबिलीचा तांब्या. धर्माबादच्या दामिनीने तिखट जरा कमी आहे अशी तक्रार केली, कारण त्यांच्याकडे मिरचीचा बाजारच मोठा, आणि तक्रार करता करता तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. मी अजून घे म्हणत वाढत होते. अचानक तिने मान खाली घातली आणि डोळे पुसले. मी घाबरले, ठसका लागला की काय.

"न्हाई काकू," ती म्हणाली. "सहा महिने झाले घर सोडून. तेव्हापासून 'अजून घे' म्हणलं नव्हतं कुणी."

मी तिच्या ताटात आणखी एक उंडा ठेवला.

मग शिवांगीनेच विचारलं की तुमच्या वर्गात किती जण आहेत. हॉस्टेलवर किती उपाशी आहेत, हे विचारायचं तिला सुचलं नाही, वर्ग हाच तिचा हिशेब. दामिनीने फोन काढला. आमचे बजरंगराव तोवर उठून उभे राहिलेच होते. दहा वर्षांत मी त्यांना इतक्या चपळाईने ऑटोला किक मारताना पाहिलं नाही. फक्त ताटं आपापली आणा म्हणावं, असं मी मागून ओरडून सांगितलं, कारण आमच्याकडे दहाच होती.

पहिल्या खेपेला नऊ पोरी आल्या, प्रत्येकीच्या हातात मेसचं खणाखणाचं ताट. दुसऱ्या खेपेला शेजारच्या हॉस्टेलची पोरं आली, लोह्याची, उदगीरची, देगलूरची. तिसऱ्या खेपेला ऑटोत किती होते ते मी विचारलं नाही, पण दोघं उतरून मागून ढकलत होते. शिवांगी प्रत्येकाला रस्त्यावर गाठून आमच्या शेताला या म्हणत होती आणि हात धरून कोपीपर्यंत आणत होती. वहीची उरलेली पानं संपेपर्यंत तिने प्रत्येकाला चिठ्ठीही दिली. सत्यम गोट्यावर उभा राहून आता नुसतं 'आले, आले' एवढंच ओरडत होता, आणि मी त्याला अजून मोठ्याने ओरड म्हणाले.

माळावर बसायला गोटे कमी पडले. कुणी कडुलिंबाखाली, कुणी बांधावर, दोघी ऑटोच्या टपावर. उदगीरचा एक पोरगा कलती कोप सरळ करून देत होता. हशा इतका उठला की पलीकडच्या मंडपातली माणसं उठून बघायला लागली. थोडे पाहुणे बांध ओलांडून आले. थोरले दीरही आले, मांडी घालून बसले, आंबील प्यायले आणि आपल्या भावाच्या पाठीवर थाप मारून गेले. बजरंगरावांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता.

उन्हं उतरता उतरता शेवटचं ताट वाढलं. मी पातेल्याच्या तळाला हात घातला तर आम्हा नवराबायकोसाठी बोटभर भज्जी आणि एक उंडा. आम्ही तो अर्धा अर्धा खाल्ला. मला भूक प्रचंड लागली होती आणि मी आयुष्यात इतकी खूश कधी नव्हते. शिवांगीने मोजून ठेवलं होतं. बत्तीस बोलावले होते, एकेचाळीस आले.

जायच्या आधी कडब्याचा हेंडगा, म्हणजे मशालीसारखी पेंढी, पेटवून तो पोरांनी शेताभोवती फिरवला. आमचा तुकडा एवढासा की एक फेरी दोन मिनिटांत संपली. म्हणून त्यांनी पाच घातल्या.

राहिलं पातेलं. ते मी राखेने घासून लख्ख केलं. भांडं रिकामं परत देऊ नये, पण द्यायला काही उरलंच नव्हतं. शिवांगी जाऊन आमच्या माळावरच्या हरभऱ्याचे चार-पाच ढाळे उपटून घेऊन आली आणि तिने ते पातेल्यात ठेवले. दोन्ही पोरांनी पातेल्याचे दोन कान धरले आणि बांधावरून निघाली. मी मागून चालत होते. सकाळपासून मी अक्कांना ऐकवायची चार वाक्यं मनात घोळवत होते, एकाहून एक धारदार.

अक्का मंडपाखाली भांडी आवरत होत्या. पोरांनी पातेलं त्यांच्यापुढे ठेवलं, आणि माझ्याआधी शिवांगी बोलली. तिच्या मनात काही डाव नव्हता, ती खरंच ओशाळली होती.

"मोठी माय, गाईला काईच उरलं न्हाई. म्हणून तिला हिरवा हरभरा आणलाय."

अक्कांनी पातेल्यात बघितलं. मग माळाकडे बघितलं. तिथे पोरं अजून ऑटोभोवती गर्दी करून होती. त्यांनी ढाळे उचलून घेतले, शिवांगीच्या डोक्यावरची सुटलेली सोनेरी पट्टी नीट बांधली आणि पातेलं माझ्याकडे सरकवलं.

"राहू दे तुझ्याकडंच," त्या म्हणाल्या. "पुढच्या येळवसला लागंल तुला."

माझी चारही वाक्यं त्या एका क्षणात विरून गेली. पाचवं आपोआप तोंडात आलं.

"लागंलच की, अक्का," मी म्हणाले, आणि पातेलं उचलून काखेला लावलं.