शिवण बरी आहे

मी एक जुनी उशी आहे. हॉस्पिटलच्या अपघात विभागात, खिडकीजवळच्या खाटेवर माझं आयुष्य गेलं. नवी होते तेव्हा गुबगुबीत होते. आता अंगात कापसाच्या गाठी झाल्यात. एका कोपऱ्यावर मात्र ताजी शिवण आहे आणि तिचा मला भारी तोरा आहे.

मित्रांनो, तुम्हाला एक गुपित सांगते. माणूस झोपला की त्याचं स्वप्न हळूहळू माझ्यात झिरपतं. पाय मोडलेली एखादी आजी माझ्यावर डोकं टेकते आणि खुशाल दोरीवरच्या उड्या मारू लागते. मग आम्हा दोघींनाही धाप लागते.

एका दुपारी एक शिंपीआजोबा आले. दुकानाची पायरी चुकून पडले होते. कपाळावर जरासं टेंगूळ होतं. पाठीला बाक होता, म्हणून सिस्टरने मला दुमडून त्यांच्या डोक्याखाली सारलं.

"काही झालं नाही हो, उगाच आणलंय मला," ते म्हणाले. मग माझा उसवलेला कोपरा चाचपून बोलले, "ही शिवण कुणी घातली? टाके आहेत की ढांगा?"

"बघा, ठणठणीत आहेत!" त्यांची बायको हसली.

डोक्याच्या फोटोत काही दिसलं नाही. पण आजोबा रक्त पातळ ठेवायची गोळी घेत असत आणि अशा माणसाच्या डोक्यात उशिरानेही रक्त येऊ शकतं, म्हणून डॉक्टरांनी त्यांना थांबवून घेतलं.

त्यांचा डोळा लागला. मी स्वप्नाची वाट पाहू लागले. आता कापड उलगडेल, कात्री चालेल... काहीच आलं नाही. मी घाबरले. पण उशीला तोंड कुठे असतं?

सिस्टर सारखी येऊन त्यांना उठवत होती. आजी चिडल्या. "अहो, झोपू द्या की त्यांना! दमलेत."

"रागवा आजी, पण डोक्याला मार लागलाय, शुद्ध तपासायला मी उठवणारच. आजोबा, नाव सांगा बरं. कुठे आहात तुम्ही?"

दोन्ही उत्तरं बरोबर आली. सिस्टरने गमतीने विचारलं, "आणि आमची उशी कशी आहे?"

"छान आहे," आजोबा डोळे मिटून पुटपुटले. "शिवणही बरी आहे."

आजी ताडकन उठल्या. "सिस्टर, डॉक्टरांना बोलवा! यांनी जन्मात दुसऱ्याची शिवण बरी म्हटलेली नाही!"

एकच धावपळ उडाली. दुसऱ्या फोटोत डोक्यात रक्त साकळलेलं दिसलं. आजोबांना ऑपरेशनला नेलं. त्यांच्या डोक्याचा खळगा माझ्यात तसाच राहिला आणि आजी त्यावर हात ठेवून बसून राहिल्या. मी ओली झाले.

काही दिवसांनी आजोबा पुन्हा माझ्यावर टेकले. त्यांना झोप लागली आणि माझ्यात निळं कापड उलगडू लागलं. खोलीभर पसरलं, खिडकीतून बाहेर गेलं, पार आभाळाला जाऊन मिळालं. किती बरं वाटलं मला!

जागे होताच त्यांनी सुईदोरा मागितला. "या कोपऱ्याकडे बघवत नाही मला." आजींनी सुई ओवून दिली. आजोबा शिवू लागले, पण टाके वाकडेतिकडे पडले. त्यांनी ते निरखले आणि नाक मुरडलं. "छे! ही शिवण कुणी घातली?" आजी इतक्या हसल्या, की डोळे पुसायला त्यांना मीच सापडले.

मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस पडलं, तर त्यांच्या 'काही झालं नाही'वर विसंबू नका. त्या वयात लहानसा मारही आत खोल जातो. त्यांची रोजची कुरकुर कान देऊन ऐकत जा. आणि पडल्यावर ती अचानक थांबली, तर आजींसारखे ताडकन उठा.