सकाळी सात दहाची हिरवी सही

हिरवी

मी एदेल्मिरा. काल दुपारी दोनला मिनातित्लानच्या सरकारी इस्पितळात, पुरुषांच्या वॉर्डात कामावर आले. दुपारपाळीच्या नोंदी हिरव्या शाईत, रात्रीच्या लाल, सकाळच्या निळ्या. तक्ता पाहिला की कोणत्या पाळीत काय झालं ते कळतं.

रात्रीची नर्स आली नाही.

लाल

म्हणून मीच थांबले. सकाळचीही आली नाही.

निळी

सात वीस. खाट चौदा, फिदेन्सियो आजोबा, साखर २१२. न्याहारीआधी इन्सुलिन. सिरिंज भरायला घेतली आणि तक्ता उघडला. तिथे आधीच लिहिलेलं होतं: ७:१०, इन्सुलिन दिलं. सही माझी. शाई हिरवी.

मला काहीही आठवत नव्हतं.

घाईत आम्ही आधी सही ठोकतो, मग सुई टोचतो. सगळ्याच करतात. म्हणजे दिलं असेल, नसेलही. दिलेलं असून परत दिलं, तर आजोबांची शुद्ध जाणार, कदाचित जीवही.

"आजोबा, मी मघाशी तुम्हाला टोचलं का?"

"पोरी, इथं दिवसभर सगळेच टोचतात. बायको तर भेटायला येऊन टोचून जाते."

मुख्य परिचारिका सोकोरो बाईंना बोलावलं.

"सही आहे ना? मग दिलंय. वरून निळ्याने गिरव आणि पुढच्या खाटेकडे जा."

"बाई, मला आठवत नाही."

"कोणी विचारलंय तुला, आठवतं का म्हणून?" मग आवाज खाली आणून, "एदे, दोन मेमो झालेत तुझे. तिसरा आला की कंत्राट गेलं. अकरा वर्षं पाण्यात घालायचीत?"

मी लिहिलं: ७:२५. वरचं इंजेक्शन दिल्याचं मला आठवत नाही. काल दुपारी दोनपासून मी कामावर आहे. आठला साखर पुन्हा तपासणे.

आठ

१७१. पोटात काही नसताना, औषधाशिवाय इतकी उतरत नाही. म्हणजे दिलं होतं. आजोबांना लगेच घेवड्याची उसळ आणि पाव दिला.

बाईंनी श्वास सोडला. "बघ! उगीच जीव खाल्लास. काढ ते पान. नवीन मी स्वतः उतरवून देते."

"नको."

"अगं, म्हातारा पाव चावतोय समोर! आता काय राहिलंय?"

"बाकीच्या सतरा खाटा. त्यांचंही मला आठवत नाहीये."

 बाई टेबलापाशी गेल्या, कार्यालयाला फोन लावला.

"पुरुषांच्या वॉर्डात नर्स पाठवा… आहे ना, पण ती आता पेशंटला हात लावणार नाही… ती नाही, मी सांगतेय… मेमो? द्या की. आधी नर्स द्या."

मला म्हणाल्या, "बस तिथं. हलू नकोस."

दहा

माझा तिसरा मेमो आला. नर्स आली नाही. मेमो मी घेतला. कंत्राटाचं सोमवारी ठरेल.

बाई अकराव्या खाटेपर्यंत पोचल्या होत्या. प्रत्येकाची साखर, प्रत्येकाचा तक्ता. हातमोजे त्यांनी कित्येक वर्षांत घातले नव्हते. डाव्या हाताचा उजव्यात घालून वैतागल्या होत्या.

"ए, रक्तदाबाचं यंत्र कुठे ठेवता गं तुम्ही?" त्या तिकडून ओरडल्या.

मी सांगितलं. खुर्चीवरून न उठता.