गाठीला सुरी लावू नका

कोतवालाचा आवाज बसला तेव्हा घरात सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. "दिवसभर उगाच भुंकणाऱ्या कुत्र्याचा घसा बसणार नाही तर काय!" दाजी म्हणाले. मग त्याच्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ आली आणि ती वाढतच गेली.

दाजींची धाकटी मेहुणी जनावरांच्या दवाखान्यात सोनोग्राफी आणि स्कॅनचं काम बघायची. तिची थोरली बहीण आणि दाजी कुत्र्याला घेऊन आले, तेव्हा सर्जनने ट्रेमध्ये सुरी आणि कापसाचे बोळे मांडूनच ठेवले होते. गाठ मऊ होती, गरम होती. पू असणार, चिरा दिला की मोकळं, असं दाजींनी त्याला फोनवरच पटवलं होतं. दाजींचा पटवण्यात हात कोण धरणार!

"आधी पाच मिनिटं मला द्या," मेहुणी म्हणाली.

"अहो मेहुणीबाई, तुमच्या मशीनला तोंड दाखवल्याशिवाय इथून कुणाची सुटका नाही वाटतं," दाजी हसले.

तिनं गळ्यावरचे केस भादरले, जेल लावलं. परक्याचा हात लागला की गुरगुरणारा कोतवाल मुकाट उभा राहिला. ते तिला आवडलं नाही. पडद्यावर एक काळी पोकळी उमटली. क्षणभर तिला वाटलं, दाजींचं खरं निघणार. पूसुद्धा असाच काळा दिसतो. पण पू जागच्या जागी असतो, वाहत नाही. तिनं रक्ताचा प्रवाह दाखवणारं बटण दाबलं.

वारूळ फुटून मुंग्या बाहेर पडाव्यात तसे लाल-निळे ठिपके गाठभर पसरले. मशीनमधून सूं... सूं... असा ठेक्यात आवाज येऊ लागला.

"हा कसला गं आवाज?" ताईनं विचारलं.

"गाठीचा."

तिनं सर्जनला बोलावून घेतलं. त्यानं पडदा पाहिला आणि दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले. "मी चिरा दिला असता ना," तो हळूच म्हणाला, "तर टेबलावरच खेळ संपला असता."

मग सीटी स्कॅन. भूल देताना सगळ्यांच्या जिवात जीव नव्हता, कारण गाठीनं श्वासनलिका पार एका बाजूला सारली होती आणि श्वासाची नळी आत जाता जात नव्हती. अखेर नळी गेली. काचेपलीकडे बसून मेहुणी जबड्यापासून छातीपर्यंतचे स्कॅनचे काप एकेक करून बघत गेली. गाठ थायरॉइडची होती. त्या गाठीनं गळ्यातली मोठी धमनी गिळून टाकली होती आणि शेजारच्या शिरेच्या आत तिची एक जीभ हृदयाच्या दिशेनं निघाली होती. फुप्फुसांत पांढरे ठिपके दिसले. तिला वाटलं, आडव्या कापलेल्या रक्तवाहिन्या असतील. रक्तवाहिनी पुढच्या कापातही दोऱ्यासारखी चालू राहते. हे ठिपके दिसले आणि पुढच्या कापात नाहीसे झाले. तिनं पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच.

कर्करोग आहे आणि तो फुप्फुसांपर्यंत पोचलाय, हे तिनं काहीही न लपवता सांगितलं, तेव्हा दाजींचा आवाज चढला. "चित्रांचं काय घेऊन बसलीस! ढगात हत्ती बघावा तर हत्ती दिसतो. साधं गळू आहे!"

"दाजी, काहीही करा, पण गाठीला सुरी लावू नका. सुईसुद्धा नको. गळ्यातला पट्टाही काढून ठेवा."

दाजी कुत्र्याला घेऊन तरातरा निघाले. ताई त्यांच्यामागे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती. "यांनी एका माणसाला बोलावलंय. तो म्हणे जनावरांची गळवं फोडतो. मी किती सांगितलं, ऐकत नाहीत. तू आत्ताच्या आत्ता ये."

ती हातातलं काम टाकून निघाली. रस्ताभर चिरलेल्या गाठीचं एकच दृश्य डोळ्यांपुढून हलेना. ती पोचली तेव्हा घराचं दार सताड उघडं होतं. ओसरीवर एक अनोळखी माणूस चहा पीत बसला होता, शेजारी त्याची पत्र्याची पेटी.

आत दाजी फरशीवर बसले होते. कोतवालाचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं आणि त्यांचा तळवा गाठीवर. रक्त कुठंच नव्हतं.

"नेमकं कुठं मऊ आहे ते त्याला दाखवावं म्हणून हात लावला," दाजी म्हणाले. "उडतंय गं हे. आत उडतंय."

"हो दाजी."

"पू असता तर बरं झालं असतं."

ताईनं बाहेर जाऊन त्या माणसाला वाटेला लावलं. परत आली तेव्हा दाजी अजून तसेच बसलेले होते. "मला काल गाडीतच कळलं होतं," ती बहिणीला म्हणाली. "यांना कळायला वेळ लागतो."

ऑपरेशनचा प्रश्नच नव्हता. किरणोपचारांना दर खेपेला भूल लागली असती, आणि तेवढी वाट त्या गळ्यात उरली नव्हती. म्हणून कोतवाल घरीच राहिला. आधी कोरडं खाणं बंद झालं, मग घट्ट, मग पातळही अडकू लागलं. श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. तो झोपला की दाजी शेजारच्या खुर्चीत जागे राहायचे. आणि एका सकाळी दाजींनी स्वतःच मेहुणीला फोन केला. "सर्जनना घेऊन ये. आज."

सर्जन शेवटचं इंजेक्शन देताना दाजींनी कोतवालाला दोन्ही हातांनी धरलं. श्वासाची शिट्टी विरळ होत गेली आणि थांबली. दाजी उठले, आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

ताई तिला सोडायला फाटकापर्यंत आली.

"दोघांच्या मधे काहीतरी असावं लागतं गं," फाटकाची कडी धरून ताई म्हणाली. "इतकी वर्षं हा होता. आता घरात आम्ही दोघंच."

ती आत जायला वळली, पण पायरीपाशी बराच वेळ उभी राहिली.