पाठवणाऱ्याचं नाव

फोन पुन्हा वाजला, तसा ईश्वरीने तो धुरपताबाईंच्या हातातून काढून घेतला आणि कानाला लावला. पलीकडचा पुरुष जेमतेम दोन वाक्यं बोलला. तिने फोन कापला आणि बोटं ओढणीला पुसली.

“काय म्हनला?” बेसिनमध्ये काचेच्या बाटल्या विसळत धुरपताबाईंनी विचारलं.

“राँग नंबर होता, मावशी.”

“सकाळपासून सतरा राँग नंबर? बंदबी ठेवता येईना. माझ्या लेकीचे, मंजुषाचे दिवस भरलेत, पूर्ण्याहून कवाबी फोन येईल.”

ईश्वरी पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत कंत्राटावर होती. धुरपताबाई तिथे बाटल्या धुवायच्या, झाडझूड करायच्या. महिन्यापूर्वी झरीकडच्या एका वसतिगृहाच्या विहिरीचं पाणी तपासायला आलं, आणि त्यात मैल्याचे जंतू निघाले. साहेबांनी, दत्तरावांनी, तो अहवाल ड्रॉवरमध्ये सारला आणि ‘पिण्यास योग्य’ असा दुसरा लिहायला लावला. तिकडे अकरा मुली काविळीने आजारी पडल्या होत्या. ईश्वरीने खऱ्या अहवालाचा फोटो काढला आणि जिथे कुणालाच नाव नसतं अशा एका नेटवर्कवर टाकून दिला. दोन दिवसांत जिल्हाभर बोभाटा झाला. विहीर बंद झाली, टँकर सुरू झाला.

मग त्याच नेटवर्कवर, अहवाल फोडला कुणी, याची चर्चा सुरू झाली. चार दिवसांपूर्वी कुणीतरी तिथे धुरपताबाईंचा फोटो टाकला. खाली त्यांचा नंबर आणि मजकूर.

“मला वाचून दावा, म्याडम. माझा हा बटनाचा फोन. सगळं गाव वाचायलंय, मलाच ठावं न्हाई.”

ईश्वरीने आपल्या फोनवर शोधून वाचायला घेतलं. या बाईने पैसे घेऊन कागद विकला, असं सुरुवातीला होतं. पुढच्या ओळी तिने गाळल्या.

“एवढंच?”

“एवढंच.”

“एवढ्यावर गडी मला रात्रीचा भाव इचारतेत व्हय?”

मग ईश्वरीने सगळं वाचलं. नळ वाहत राहिला. बंद करायचं दोघींनाही सुचलं नाही.

“मावशी, तो कागद मी टाकला होता.”

धुरपताबाईंच्या हातातली बाटली तशीच राहिली.

“पोरी बऱ्या हायेत का?”

“हो. सगळ्या.”

त्यांनी मान हलवली. बाटली उपडी ठेवली, नळ बंद केला, आणि मग पहिल्यांदाच तिच्याशी एकेरीत बोलल्या.

“चार दिवस माझ्यासंगं बसून डबा खाल्लास. घास कसा उतरला गं तुला?”

“पोलिसात चला, मावशी,” ईश्वरी म्हणाली.

पोलीस ठाण्यापर्यंत धुरपताबाई झपाझप पुढे चालत राहिल्या. ईश्वरी दहा पावलं मागे. सावकाश या, असं म्हणायचा धीर तिला झाला नाही.

हवालदाराने मजकूर दोनदा वाचला.

“टाकणारा सापडणं अवघड आहे. ते नेटवर्कच तसलं. नाव मागे राहत नाही.”

नेमकं हेच वाचून ईश्वरीने ते निवडलं होतं.

“आणि कागद यांनी विकला नाही, कशावरून?” त्याने विचारलं. मग ईश्वरीकडे बोट केलं. “तुम्ही यांच्या कोण?”

“कोनी न्हाई,” धुरपताबाई घाईने म्हणाल्या. “मला वाचता येईना, म्हून संगं आणलंय.”

ईश्वरीने त्यांच्याकडे पाहिलं. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. फोन मुठीत थरथरत होता आणि त्या तो उचलत नव्हत्या. आधी नंबर बघायचा आणि मग पदराखाली दाबायचा, असं चाललं होतं.

दत्तराव तिला उद्याच घरी बसवतील. ताडकळसला वडिलांच्या, अप्पांच्या दुकानावर चार माणसं येऊन विचारतील. आणि विहिरीचा मालक लहान माणूस नव्हता.

“अहवाल मी फोडला,” ती म्हणाली. “जबाब लिहून घ्या.”

हवालदाराने पेन उचललं, पण टेकवलं नाही.

“सही लागेल, मॅडम. मग नाव झाकून राहायचं नाही.”

“ईश्वरी रेवणप्पा मिटकरी. राहणार ताडकळस.”

तो लिहू लागला. ईश्वरीने वाकून पाहिलं.

“रेवनाप्पा लिहिलंत. रेवणप्पा करा.”

धुरपताबाईंनी भिंतीवरची नजर हलवली नाही. फक्त बाकावर थोडं सरकून घेतलं, दुसऱ्या माणसाला बसता येईल इतकं.