मिटवायचा चहा

चहा आला तेव्हाच मेहकनं ओळखलं, आता प्रकरण मिटवणार. त्यांच्या मंगळवार पेठेत भांडणाचा निकाल चहावर लागतो. कप तोंडाला लावला की समेट मान्य. मागच्या दोन्ही वेळी तिच्या वडिलांनी, मौलाभाईंनी, जावयासोबत चहा घेतला होता आणि दोन्ही वेळी ती मुकाट्यानं नेसरीला सासरी परत गेली होती. तिसऱ्यांदा मारताना नवऱ्यानं तिचा हात मोडला. तक्रार नोंदवल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवूनच ती आज प्लास्टरातला हात घेऊन वडिलांसोबत कोल्हापूरच्या ठाण्यात आली होती.

ठाणे अंमलदार आकाराम माणूस वाईट नव्हता. त्याची वर्दी कैक वर्षं मौलाभाईंच्याच मशिनवर शिवली जायची. ओळखीच्या माणसाच्या पोरीचा संसार मोडू नये, एवढीच त्याची इच्छा. असल्या भल्या इच्छांपायीच पोरींचे जीव जातात.

"पोरी, घटना नेसरीची. गुन्हा तिकडंच व्हायचा की. त्यापरास जावयाला बोलवून घेतो, बसून मिटवू. घे, चहा घे."

"नेसरीत ठाण्याला जायचं म्हंजे सासरच्या दारावरनं जायचं, काका. तुमच्या मागं भिंतीवर काय लिवलंय बघा की."

भिंतीवर नव्या कायद्याचं रंगीत पोस्टर होतं. आकारामनंच ते पेढे वाटून चिकटवलं होतं. इंग्रजांचा कायदा गेला, आता तक्रार कुठल्याही ठाण्यात घेतली जाईल, असं त्यावर ठळक छापलं होतं. चिकटवणाऱ्याचं वाचायचं तेवढं राहून गेलं होतं.

"कायदा नवा हाय गं, पर संसार..."

"हितंच झिरो नंबरनं गुन्हा नोंदवून घ्या आन् नेसरीला धाडा. न्हायतर मी हलत न्हाय."

तिच्या चहावर साय धरली. मौलाभाईंनी मात्र सवयीनं कप उचलला. अब्बांनी एक घोट घेतला की सगळं संपलं. मेहकनं प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला.

मौलाभाई त्या हाताकडे बघत राहिले. ह्याच हाताला त्यांनी काजं करायला शिकवलं होतं. त्यांनी भरलेला कप तसाच खाली ठेवला आणि बशीसकट आकारामकडं सरकवला.

"आकारामदादा, मागचे दोन कप मी प्यालो, माझ्या पोरीनं मार खाल्ला. आज लिवून घ्या."

आकारामनं कप बाजूला केले आणि कीबोर्ड पुढं ओढला.

"नाव सांग, पोरी. पूर्ण."

मेहकनं नाव सांगितलं, बाहेरच्या बाकावरच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.