रिपोर्टाआधीचे तीन दिवस

माझ्या बाबांना कुठलाही रिपोर्ट म्हणजे बोर्डाची परीक्षा वाटते. नापास होणं त्यांच्या रक्तातच नाही. मग तपासायचं रक्त आईचं का असेना.

आईला मधुमेह जुना. दीड वर्षापूर्वी तिच्या मनानेही अंथरूण धरलं. आधी बोलणं कमी झालं, मग स्वयंपाक सुटला, मग केस विंचरणंही. भाईंदरच्या डॉक्टर मृणालिनींनी उदासीवरची गोळी सुरू केली आणि दर खेपेला उपाशीपोटीचा शुगर रिपोर्ट आणायला सांगितला.

झालं, बाबा कामाला लागले. तपासणीआधी तीन दिवस ज्वारीची भाकरी, दुधी, कारल्याचा रस, मधुमेहाच्या गोळ्या घड्याळ लावून. संध्याकाळी आईचा हात धरून मुर्धा गावाकडच्या रस्त्याला फेरी. रिपोर्ट छान यायचा. रक्त देऊन झालं की बिल्डिंगखालच्या फरसाणवाल्याकडे जिलेबी-फाफडा. “काकी, आज तो मीठा बनता है,” तोही म्हणायचा.

पुढच्या तपासणीपर्यंत मग सगळा आनंदीआनंद. मधुमेहाची गोळी राहिली तर राहिली. आई दिवसभर पडून, आणि बाबा तिला चहाबरोबर खारी नाहीतर शिरा भरवायचे. मी शनिवारी घरी आले की बाबांवर भडकायचे.

“तेवढंच खाते गं, खाऊ दे. रिपोर्ट बघ ना!” बाबा कागद नाचवायचे. चांगल्या रिपोर्टाशी कोण भांडणार?

डॉक्टरांना वाटलं, साखर आटोक्यात आहे, म्हणजे उदासीवरची गोळीच लागू पडत नाहीये. त्यांनी डोस वाढवला. मग गोळी बदलली. मग जोडीला दुसरी दिली. आईच्या तोंडाला कोरड पडायला लागली, हात थरथरायला लागले, पण ती होती तशीच, भिंतीकडे तोंड करून.

शेवटी डॉक्टरांनी मागच्या तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी करायला लावली. त्या तपासणीला तीन दिवसांचं कारलं पुरत नाही. आकडा आला साडेअकरा, हवा होता सातच्या आत.

“पण उपाशीपोटीची तर नेहमी मस्त येते,” बाबा म्हणाले, आणि ती मस्त कशी येते तेही त्यांनी मोठ्या उत्साहात सांगून टाकलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “काका, साखर एवढी चढलेली असली की उदासीच्या गोळ्या बऱ्याचदा हवा तसा गुण देत नाहीत. आणि उदास माणसाच्या हातून साखर सांभाळली जात नाही. मी मात्र गोळ्याच बदलत बसले.” मग त्या आईकडे वळल्या. “काकी, तुम्ही तरी सांगायचं ना मला.”

आई म्हणाली, “रिपोर्ट चांगला आला की यांना दोन दिवस बरं वाटायचं. म्हटलं, घरात कुणाला तरी बरं वाटतंय.”

बाबा खुर्चीतच रडायला लागले. आईने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

“आधी साखर खाली आणू, मग गोळ्यांचं परत पहिल्यापासून बघू,” डॉक्टर म्हणाल्या. “वेळ लागेल. चालेल ना?”

“करा,” आई म्हणाली, शेजारच्या कुणाबद्दल बोलावं तशी. मला तिथेच हंबरडा फोडावासा वाटला.