दगडाबाईचे कागद

गफार मास्तरांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि उलटा फिरवला.

"फिरवू नगा, मास्तर. ते तसंच हाय."

"खाली डोकं, वर पाय?"

"व्हय," दगडाबाई म्हणाली.

मास्तरांनी कागद पुन्हा पहिल्यासारखा केला. एका गोलात गुडघे पोटाशी घेतलेलं तान्हं मूल होतं. "पाठ सपाट आलीय," एवढंच ते म्हणाले, आणि उजेड एका अंगानं आला की गोलाई कशी उठते, ते त्यांनी समोरच्या घागरीवर दाखवलं.

दगडाबाई तेर गावची सुईण. पंचेचाळिशी उलटलेली, अक्षरओळख नाही. मास्तर निजामाच्या शाळेत सत्तावीस वर्षं चित्रकला शिकवून गावी परतले होते. दर मंगळवारी दुपारी ती चित्रं शिकायला त्यांच्या ओसरीवर येई. महायुद्धामुळं कागद मिळेनासा झाला होता, म्हणून मास्तर शाळेतल्या परीक्षेच्या जुन्या उर्दू पर्च्यांची कोरी बाजू तिला देत. फुलं, मोर, वेलबुट्टी तिनं कधी काढली नाही. तिला हात काढायचे होते आणि तान्हं मूल.

एकदा तेरणा नदीपलीकडच्या वस्तीवरचं बाळंतपण उरकून ती तशीच आली. डोळे लाल झालेले. आल्या आल्या स्वतःचा डावा हात समोर धरून काढायला बसली. अंगठा तिनं अकरा वेळा काढला.

"पुरे आता. चांगला आलाय," मास्तर म्हणाले.

"न्हाय. ह्यो नुसता टेकलाय. दाबत न्हाय."

मास्तरांनी वाकून पाहिलं. खरंच होतं. टेकलेला अंगठा आणि दाबणारा अंगठा यांतला फरक सत्तावीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं त्यांना दाखवला नव्हता.

"हे सगळं कशापायी, दगडाबाई?"

तिनं पदर पुढं ओढला. "लागतंय."



वर्ष होत आलं. एका मंगळवारी मास्तरांची बायको हमिदाबी चहा घेऊन बाहेर आली. ओसरीभर कागद पसरले होते. कप खाली ठेवून ती तिथंच बसली आणि कागद उचलून एकापुढं एक लावू लागली.

"आधी हे. मग हे. हे पायाळू. इथं हात खालनं धरायचा, ओढायचा न्हाय. व्हय ना?"

दगडाबाईचा चेहरा उजळला. "भाबी, तुमाला कळलं?"

"चार बाळंतपणं झाली माझी. न कळायला काय झालं?"

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ते उठू लागले, तर दगडाबाईच बोलली. खाली बघत, पण न थांबता.

"माज्या भनीची लेक अयोध्या. येडशीला दिली होती. पायाळू होतं. तितल्या सुईणीनं, कोंडाबाईनं, घाबरून पाय ओढलं. दोघंबी गेली. त्या कोंडाबाईला म्या आधी सगळं सांगितलं होतं, मास्तर. पर तोंडचं सांगितलेलं वाटंत सांडतंय. कागदावरचं ऱ्हाईल."

मास्तर आत गेले. ट्रंकेच्या तळाशी सात जाड कागद होते, स्वतःसाठी कधीपासून जपलेले. ते त्यांनी आणून तिच्यासमोर ठेवले.

त्या सात कागदांना दोन महिने लागले. दिवाळीनंतर ते फडक्यात गुंडाळून दगडाबाई येडशीला गेली आणि मोकळ्या हातानं परत आली. 

चैत्रातल्या एका मंगळवारी एक बाई ओसरीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. वाळलेली, पायांवर धूळ.

"म्या कोंडाबाई. येडशीची."

हमिदाबी दारातच थबकली. मास्तरांनी दगडाबाईकडं पाहिलं. तिचा कोळसा कागदावर थांबला होता.

कोंडाबाईनं कनवटीचा चुरगळलेला कागद काढला. "दगडाबाई, तू दिलेल्या कागदाची म्या ही नक्कल केली, सारजाबाईला दावायला. पलीकडच्या गावची सुईण हाय ती. नीट जमली न्हाय."

मास्तरांनी कागद घेतला. रेघा वेड्यावाकड्या होत्या. पण मूल तेच, सुईणीचे हात तेच. फक्त त्यातल्या एका मनगटावर आणखी एक हात होता. घट्ट आवळलेला. मूळ चित्रात तो नव्हता.

"हा कुणाचा?"

"बाळंतिणीचा," कोंडाबाई म्हणाली. "अयोध्यानं धरला होता. सोडला न्हाय."

दगडाबाईनं मास्तरांच्या हातून कागद घेतला. बराच वेळ तिनं तो खाली ठेवला नाही. मग चटईवर थोडी सरकली.

"उनातनं आलीस. बस," ती म्हणाली.